पॅनासोनिक एलएक्स१००: बंद असतानाही वाचता येणारा कॅमेरा

पॅनासोनिकचा ल्युमिक्स एलएक्स१०० हा कॅमेरा २०१४ साली बाजारात आला, २०१८ साली त्याची पुढची आवृत्ती निघाली, आणि मी तो त्यानंतर तीन वर्षांनी, कोणीतरी वापरून कपाटात ठेवून दिलेला, २८,००० रुपयांना विकत घेतला. इतक्या जुन्या यंत्राविषयी आता लिहिण्याचे कारण एवढेच की, हाताने सगळे जुळवता येईल असा लहान कॅमेरा शोधणाऱ्यांच्या नजरेस आजही तो वारंवार पडतो, आणि विकणारा माणूस त्याचे गुण जितक्या उत्साहाने सांगतो तितक्या उत्साहाने त्याची दुखणी सांगत नाही. मी इंदूरच्या एका शाळेत गणित शिकवते. छायाचित्रण हा माझा व्यवसाय नाही. रामबागेतल्या घरातून संध्याकाळी बाहेर पडून राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची दगडी स्मारके, आणि रात्री सराफा बाजार एवढ्या परिघात हा कॅमेरा मी गेली काही वर्षे वापरला आहे, आणि पुढचे सगळे त्या वापरावरून लिहिते आहे.

या कॅमेऱ्यावर प्रोग्राम, ऑटो वगैरे अक्षरे लिहिलेली ती नेहमीची गोल चकती नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. लेन्सभोवती अॅपर्चरची, म्हणजे लेन्सचे तोंड किती उघडावे ते ठरवणारी रिंग आहे (आकडा जितका लहान तितके तोंड मोठे), तिच्यावर १.७ पासून १६ पर्यंत आकडे आणि एका टोकाला ‘ए’ हे अक्षर. माथ्यावर शटरची, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यावा ते ठरवणारी चकती आहे, तिच्यावर एक सेकंदापासून १/४००० पर्यंतचे आकडे आणि तिथेही एक ‘ए’. दोन्ही ‘ए’वर ठेवले की सगळे कॅमेरा ठरवतो. फक्त रिंग फिरवली की अॅपर्चर आपले आणि शटर त्याचे. फक्त चकती फिरवली की उलट. दोन्ही फिरवले की जबाबदारी पूर्णपणे आपली. शिकवण्याच्या सवयीमुळे असेल, पण इतकी स्वच्छ मांडणी मी दुसऱ्या कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्यात पाहिलेली नाही, कारण इथे ‘मोड’ नावाची वेगळी कल्पना समजून घ्यावीच लागत नाही. माझ्या वडिलांच्या अॅग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर १२ फोटो निघत आणि बटण दाबण्यापूर्वी ते ऊन आहे की ढग आहेत हे पाहून खूण सरकवत. त्या खुणेचे थोरले भावंड शोभावे अशी ही रिंग आहे.

याचा प्रत्यक्ष फायदा असा, की कॅमेरा बंद असतानाही त्याच्याकडे वरून नुसते पाहिले तर तो पुढचा फोटो कसा काढणार आहे हे कळते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, कमीजास्त करण्याची वेगळी चकतीसुद्धा वरच आहे, उणे तीनपासून अधिक तीनपर्यंत. ती पर्समधून काढताना कधीकधी फिरलेली असते, कारण माझ्या पर्समध्ये वह्यांपासून छत्रीपर्यंत सगळे कोंबलेले असते. पण फिरली आहे हेही वरून दिसतेच, त्यामुळे दहा फोटो काळे आल्यावर शोध लागण्याची वेळ येत नाही. आयएसओ, म्हणजे सेन्सर प्रकाशाला किती दाद देतो ते सांगणारा आकडा, त्यासाठी मात्र स्वतंत्र चकती नाही, मागचे बटण दाबून पडद्यावर जावे लागते, आणि एवढी सुबक व्यवस्था केल्यावर तिसरा आकडा तेवढा पडद्याआड ठेवण्यामागचा विचार मला अजून पटलेला नाही.

या व्यवस्थेचा खरा कस सराफ्यात लागतो. दिवसा सोन्याचांदीची दुकाने आणि ती बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेला गराडू कंद, आणि दह्यात बुडालेल्या वड्याचा द्रोण हवेत उडवून पुन्हा हातात झेलणारे विक्रेते, हे दृश्य इंदूरकराला सांगायला नको. तो उडणारा द्रोण मला फोटोत हवा होता. पहिल्या रात्री रिंग आणि चकती दोन्ही ‘ए’वर होती, आणि कॅमेऱ्याने १/६० सेकंद निवडले. त्याचे काही चुकले नाही. उजेड किती आहे हे त्याला कळत होते, वडा उडणार आहे हे कळत नव्हते. फोटोत विक्रेत्याचा चेहरा नीट आला आणि त्याच्या डोक्यावर एक पांढरट फराटा. दुसऱ्या खेपेला चकती ५००वर, म्हणजे १/५०० सेकंदावर नेली, रिंग १.७वर आणली, तेव्हा चित्र काळवंडले, कारण आयएसओला मी १६०० ची मर्यादा घालून ठेवली होती. ती ३२०० केली. मग बटण अर्धे दाबून विक्रेत्याच्या हातावर फोकस धरून ठेवला आणि थांबले.

तिसऱ्या उडीला द्रोण सापडला. तो सर्वांत वर पोचला होता, दह्याची कड द्रोणाच्या काठाला चिकटून होती, एकच थेंब बाजूला सुटला होता, आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलाचे तोंड उघडे होते. वर्गात मी दरवर्षी सांगते की वर फेकलेल्या वस्तूचा उभा वेग सर्वोच्च बिंदूवर क्षणभर शून्य होतो; त्यामुळे तो क्षण अचूक पकडता आला तर १/२५० सुद्धा पुरते आणि आयएसओ निम्मा ठेवता येतो. हे गणित मला त्या गर्दीत आठवले नाही, घरी आल्यावर आठवले. पण आठवल्यावर पुढच्या शनिवारी ते चकतीवर लगेच करून पाहता आले, आणि मी ज्यासाठी या कॅमेऱ्यावर खूश आहे ते हेच.

हे त्या उजेडात जमते ते लेन्समुळे. लायकाचे नाव असलेली ही झूम लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात २४ ते ७५ मिलिमीटर इतकी आहे आणि रुंद टोकाला एफ/१.७ इतकी उघडते. झूम करत गेले की मात्र ती २.८ वर येते, म्हणजे आत येणारा प्रकाश जवळजवळ पावणेतीन पटींनी कमी होतो, आणि त्या वेळी रिंग १.७ हाच आकडा दाखवत राहते. बाहेरून वाचता येणारा कॅमेरा म्हणून मी ज्याचे कौतुक केले तो इथे खोटे बोलतो. खरा आकडा पडद्यावर असतो, पण अंधारात काम करायचे तर झूमला हात न लावता दोन पावले पुढे जावे, हा माझा नियम झाला आहे; सराफ्यात दोन पावले पुढे जायला जागा असतेच असे नाही, हा भाग वेगळा.

सराफ्यातलीच दुसरी गोष्ट माझ्या विसरभोळेपणाची. एका घरगुती गाण्याच्या बैठकीत शटरचा आवाज होऊ नये म्हणून मी इलेक्ट्रॉनिक शटर सुरू केले होते; या कॅमेऱ्याचे साधे शटरही फार हळू वाजते, पण तंबोऱ्याशेजारी तेवढेही नको वाटले. ते तसेच राहिले आणि आठवड्यानंतर सराफ्यात काढलेल्या प्रत्येक फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटले. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरवरच्या ओळी एकदम न वाचता एकामागून एक वाचते, आणि ठेल्यांवरचे एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर दिसले तरी सेकंदाला अनेकदा मंद-तेज होत असतात. ज्या ओळी मंद क्षणी वाचल्या गेल्या त्या काळ्या. शटरची ही निवड कॅमेऱ्याच्या अंगावर कुठेही दिसत नाही, ती मेनूच्या पोटात आहे, आणि माझ्या हातून झालेल्या बहुतेक चुका अशा न दिसणाऱ्या गोष्टींतच झालेल्या आहेत.

सेन्सर फोर थर्ड्स मापाचा आहे, म्हणजे खिशातल्या साध्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरहून बराच मोठा, पण तो कधीच पूर्ण वापरला जात नाही. लेन्सच्या नळीवर एक लहान खटका आहे, त्याने चित्राचे प्रमाण ४:३, ३:२, १६:९ किंवा चौरस करता येते, आणि पहिल्या तीन प्रमाणांत दृश्याचा कोन सारखा राहावा म्हणून प्रत्येक वेळी सेन्सरचा वेगळा तुकडा घेतला जातो. त्यामुळे हाती येतात जास्तीत जास्त सुमारे पावणेतेरा मेगापिक्सेल. मोबाइलवरचे मोठे आकडे पाहून सवय झालेल्यांना हे कमी वाटेल. ४:३ मध्ये चित्र ४११२ बाय ३०८८ ठिपक्यांचे येते, आणि इंचाला ३०० ठिपके धरले तरी १२ बाय १० इंचांची छपाई सहज निघते. माझ्या भिंतीवर याहून मोठी चौकट लावायला जागा नाही. राजवाड्याच्या सात मजली दर्शनी भागासाठी मी कॅमेरा उभा धरून ३:२ वापरते. खालचे दगडी मजले आणि वरचे लाकडी मजले एकाच चित्रात, मान न मोडता, बसतात. चौरस चित्र छत्र्यांना शोभते.

डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर इलेक्ट्रॉनिक आहे आणि मे महिन्याच्या उन्हात तो नसता तर हा कॅमेरा माझ्या उपयोगाचा नव्हता, कारण मागचा पडदा त्या उन्हात नुसता आरसा होतो. पडदा वळत नाही आणि स्पर्शालाही दाद देत नाही. माझा भाचा पहिल्यांदा कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ त्यावर बोट घासत होता. अंगात फ्लॅश नाही, वर खोचायचा छोटा फ्लॅश खोक्यात येत असे आणि जुन्या व्यवहारात तो बहुधा हरवलेला असतो, माझाही हरवलेलाच होता. व्हिडिओ फोर-के होतो, तो मी दोनदा केला.

जवळून फोटो काढण्याविषयी मात्र सांगितले पाहिजे. लेन्सच्या बाजूचा खटका मॅक्रोवर नेला तर रुंद टोकाला तीन सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येते, इतके जवळ की पोह्यांवरच्या शेवेचे तुकडे आणि जिरावन मसाल्याचे कण वेगळे मोजावेत. इतक्या जवळून एफ/१.७ ठेवले तर चित्रावर दुधाळ मऊपणा येतो, तो ४ किंवा ५.६ केल्यावर जातो. आणि लेन्सची सावली पोह्यांवर पडते, त्यावर रिंग फिरवून उपाय नाही. प्लेट खिडकीकडे सरकवावी लागते, तोपर्यंत पोहे गार होतात आणि घरातले लोक बोलू लागतात.

आता दुखण्याविषयी. रंगपंचमीला टोरी कॉर्नरकडून राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, येते, गुलालाचे लोट चार मजले वर जातात, आणि मी हा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून त्यात घालून तिथे नेला. पाण्यापासून तो वाचला. पण ही लेन्स कॅमेरा सुरू केल्यावर बाहेर येते, बंद केल्यावर आत जाते आणि झूम करताना पुन्हा हलते; प्रत्येक हालचालीबरोबर नळीच्या फटीतून थोडी हवा आत ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. त्या दिवशी हवेत काय होते ते सांगायला नको. घरी आल्यावर सगळे ठीक दिसले. महिन्याभराने छत्र्यांचा फोटो एफ/११वर काढला तेव्हा आकाशात वर उजवीकडे एक करडा ठिपका होता, पुढच्या फोटोतही तिथेच होता. अॅपर्चर जितके लहान तितकी सेन्सरवरच्या कणाची सावली नेमकी पडते, १.७वर तोच कण असतो, पण त्याची सावली पसरून नाहीशी होते, म्हणून सराफ्यातल्या फोटोंत तो मला कधी दिसला नव्हता.

लेन्स काढता येणारा कॅमेरा असता तर हवेचा फुगा घेऊन सेन्सर घरी साफ केला असता. इथे लेन्स कायमची बसवलेली, त्यामुळे सगळे यंत्र उघडावे लागते. एका दुरुस्ती करणाऱ्याने ९,००० रुपये सांगितले आणि उघडल्यावर फोकस बिघडला तर त्याची हमी देणार नाही असेही सांगितले; दोन्ही गोष्टी त्याने स्पष्ट बोलून दाखवल्या याबद्दल मी त्याला दोष देत नाही. मी कॅमेरा परत घेऊन आले. आता आकाश असेल तेव्हा रिंग ४च्या पुढे नेत नाही, नेलीच तर संगणकावर ठिपका पुसते. चूक गुलालात गेलेल्या माणसाची होती.

म्हणून जुना एलएक्स१०० घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी रिंग १६वर न्यावी, शटरची चकती ‘ए’वर ठेवावी, पांढऱ्या भिंतीचा किंवा निरभ्र आकाशाचा एक फोटो काढावा आणि तो मागच्या पडद्यावर मोठा करून चारही कोपरे पाहावेत. मग झूम चार-पाच वेळा आतबाहेर करून आवाज कान देऊन ऐकावा. अडखळत असेल तर वाळू किंवा धूळ नळीत आहे. बॅटरी मुळात एका चार्जमध्ये ३०० फोटोंची, ती जुनी असेल तर निम्मीही टिकत नाही, तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगावे. मी घेतला तेव्हा यातले फक्त बॅटरीचे केले होते आणि त्यात ५०० रुपये सुटले.