मुलींची तालीम, सांगली: पोरगी असेल तर नेऊन बघाच (५ पैकी ४ स्टार)

पोरीला विश्रामबागच्या बाजूच्या तालमीत मुलींच्या कुस्तीच्या बॅचला घातलंय, बरेच जण विचारत होते म्हणून सविस्तर लिहिते. मॅट चांगली आहे, लाल मातीचा हौदा पण आहे, वस्ताद स्वतः उभे राहून बघतात आणि मुलींना शिकवायला कोच ताई आहेत. आधी जोर-बैठका, दोर, मग डाव. सुरवातीला तर नुसतं पडायचं कसं तेच शिकवतात, पोरी कंटाळतात पण मान-खांदे वाचतात त्यामुळं.

आता खरं बोलायचं ते. आमच्या सासूबाईंपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं एकच, पोरीच्या जातीला हे शोभतं का, उद्या लग्नाला अडचण येईल. आणि माझा धाकटा भाऊ, जिमवाला, तो म्हणतो ताई हे संस्कार-बिंस्कार सगळं कमजोर लोकांनी ताकदवान माणसाला बांधून ठेवायला काढलंय, सोड सगळं. मला दोन्ही पटत नाही.

कारण तालमीत नियम घरापेक्षा जास्तच आहेत. माती कपाळाला लावायची, सलामी द्यायची, बोटं पिरगाळायची नाहीत, केस ओढायचे नाहीत, शिट्टी झाली की पकड सोडायची म्हणजे सोडायचीच. आणि आपलं बोट मोडणार नाही ही खात्री असते म्हणून तर दोघी पूर्ण ताकदीनं भिडतात, नियम नसते तर घाबरून लांबूनच फिरत बसल्या असत्या. पण हे नियम दोघींना सारखे! घरचा नियम मात्र एकट्या पोरीला, थोरला मुलगा जत्रेत उघड्या अंगानं कुस्ती खेळला तर त्याला फेटा-नारळ आणि गावभर कौतुक. ताकद मरते ती असल्या एकतर्फी नियमानं. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, बायकांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये यायला २००४ उजाडलं. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे आणि महिलांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, ती पण आपल्या सांगलीत, जिंकली पण सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. मधल्या एवढ्या वर्षांत ताकदीच्या पोरी जन्मालाच आल्या नाहीत का, आल्या की, भारे वाहण्यात आणि पाणी शेंदण्यात गेल्या त्या, आणि त्याबद्दल मला खरंच राग येतो.

एक स्टार कमी कशाचा तर कपडे बदलायला खोली एकच आणि ती पण लहान, आणि खुराकाचं कुणी नीट सांगत नाही, पोरी उपाशीपोटी येतात. शाकाहारी घरातल्या पोरींना तर काय खायचं ते सांगायलाच पाहिजे.

बाकी फी परवडते, बॅच सकाळ-संध्याकाळ दोन्ही. आणताना नखं कापून आणा, कानातलं-बांगड्या घरी ठेवा. आणि घरात कुणाचा विरोध असेल तर त्यांनाच सोबत घेऊन या, बसायला बाक आहे आणि बघायला कुणी अडवत नाही.