गॅरेजचा हीटर घेताना वॅट नंतर बघा, थर्मोस्टॅट कुठे आहे ते आधी बघा

हा हीटर जानेवारीत बंद पडला, बाहेर उणे १८ असताना. वॉरंटी शिल्लक होती, पावती होती, तपासणीचं प्रमाणपत्र होतं, तरी कंपनीने मला फेब्रुवारी उजाडेपर्यंत झुलवत ठेवलं. पण त्या भांडणाच्या नादात एक गोष्ट कळली आणि या हीटरबद्दलचं माझं मत पार बदललं. ती गोष्ट घेतानाच कोणी सांगितली असती तर पहिला अख्खा हिवाळा कुडकुडत काढावा लागला नसता. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

वस्तू बहुतेकांच्या ओळखीची आहे. ५००० वॅट, २४० व्होल्ट, छताखाली कोपऱ्यात टांगायचा लोखंडी डबा, पुढे वळवता येणाऱ्या पट्ट्या, मागे पंखा. कंपनीचं नाव लिहीत नाही. या वर्गातले बरेचसे डबे आतून एकसारखेच असतात आणि मला जे सांगायचंय ते त्यांतल्या बऱ्याचशांना लागू पडतं.

माझं गॅरेज कॅनडात, ओंटारिओतल्या किचनर गावात. २० फूट बाय २० फूट, घराला लागून. बाहेरच्या भिंतींत इन्सुलेशन मी स्वतः भरलं. गाडी बाहेर बर्फात उभी असते आणि आत सुतारकाम चालतं: देव्हारे, चौरंग, पाट, पोळपाट. मेपल आणि चेरीचं लाकूड इथे उत्तम मिळतं, आणि मेपलचा पोळपाट म्हटलं की आसपासच्या मराठी घरांतून विचारणा येतेच. कामाला सलग वेळ मिळतो तो हिवाळ्यातच.

अंगावर जाड जाकीट चढवलं की थंडीत रंधा मारता येतो, करवत चालवता येते. वुड ग्लूचं तसं नाही. टाइटबॉन्ड २ या ग्लूला साधारण १३ अंश लागतात, टाइटबॉन्ड ३ ला ८. त्याखाली ग्लू वाळला की सांध्याच्या कडेला पांढरी, खडूसारखी भुकटी दिसते. असा सांधा वरून घट्ट वाटतो आणि हाताने जोर दिला की उकलतो. शिवाय हे तापमान हवेपुरतं नसतं, लाकडाचंही तेवढंच लागतं. हवा १५ अंशांवर गेली तरी रात्रभर गारठलेली जाड फळी कितीतरी वेळ ६-७ अंशांवरच असते. लेझरचा थर्मामीटर फळीवर धरला की खरं काय ते कळतं. म्हणजे मला पाहिजे होती ती कामाच्या बाकावर, कंबरेच्या उंचीला टिकून राहणारी ऊब. पुढचं सगळं याच एका अपेक्षेवरून लिहिलंय.

सुरुवात साध्या प्लगवाल्या हीटरने केली होती. भारतात १६ अँपच्या सॉकेटवर ३००० वॅटचा गीझर सहज चालतो, त्यामुळे इथल्या १२० व्होल्टची मर्यादा पटकन लक्षात येत नाही. नेहमीच्या १५ अँपच्या सॉकेटवर १५०० वॅट मिळतात, त्यावर काही नाही. खोक्यावर सिरॅमिक लिहा, क्वार्ट्झ लिहा, ‘टर्बो’ लिहा, ४० डॉलरचा घ्या की ३०० चा, १५०० वॅट म्हणजे ताशी सुमारे ५१०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप), बस्स. एवढ्या उष्णतेत २० बाय २० चं गॅरेज जानेवारीत तापत नाही. ‘कमी विजेत दुप्पट ऊब’ म्हणणाऱ्या जाहिरातींचा मला मनापासून राग आहे. माणसं त्यावर विश्वास ठेवून कष्टाचे पैसे घालवतात.

मधे शेजाऱ्याने त्याचा प्रोपेनचा हीटर वापरायला दिला. गॅरेज भराभर तापलं. पण प्रोपेन जळताना पाणी तयार होतं, एक किलो प्रोपेनमागे जवळजवळ १.६ किलो, आणि धुरांडं नसलेल्या हीटरमध्ये ती सगळी वाफ खोलीतच राहते. टेबल सॉचा बिडाचा पृष्ठभाग थंडगार होता, त्यावर दव धरलं आणि दुसऱ्या दिवशी तांबूस गंजाची साय आली. तो गंज घासून काढायला, मेण लावायला रविवार गेला. कार्बन मोनॉक्साइडची धास्ती वेगळीच, त्यातून हे गॅरेज घराला चिकटलेलं. त्याच आठवड्यात विजेचा, २४० व्होल्टचाच घ्यायचा असं ठरवलं.

५००० वॅटला २४० व्होल्टवर जवळपास २१ अँप लागतात, म्हणून ३० अँपचा दुहेरी ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची वायर. ७५०० वॅटचा घेतला तर ४० अँप आणि त्याहून जाड, ८ गेजची वायर. घराचं विजेचं पॅनेल तळघरात दुसऱ्या टोकाला असल्यामुळे वायरिंगचा खर्च हीटरपेक्षा जास्त झाला. इथे तडजोड करू नका. ओंटारिओत अशा कामाची नोंद इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे करावी लागते, परवानाधारक इलेक्ट्रिशियन ती करून देतो. डब्यावर सीएसए किंवा सीयूएलचं सुरक्षा-मान्यतेचं चिन्ह नसेल तर ऑनलाइन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. माझे इलेक्ट्रिशियन पंजाबी होते, तीस-एक वर्षं हेच काम करणारे. हीटर टांगून झाल्यावर त्यांनी बटण फिरवून बघितलं आणि म्हणाले, “भाईसाब, थर्मोस्टॅट बहुत ऊपर है.” त्या वाक्याचा अर्थ मला पुढे महिनाभराने कळला.

तर, थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा भाग. या डब्यांचा थर्मोस्टॅट डब्यातच असतो आणि डबा असतो छताखाली, सात-साडेसात फुटांवर. गरम हवा वर जाते हे आपण शाळेत शिकलो, पण हीटर बनवणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. मी भिंतीवर तीन थर्मामीटर लावले. हीटर चालू करून तासाभराने छताजवळ २२, बाकाच्या उंचीला १२, जमिनीजवळ ५. थर्मोस्टॅटच्या दृष्टीने गॅरेज छान तापलेलं, त्यामुळे हीटर बंद. आणि माझी फळी ८ अंशांवर, ग्लूची बाटली हातात. बटण वाढवलं की डोकं तापायचं, घाम फुटायचा, आणि पाय मात्र काँक्रीटवर बर्फासारखे. त्या बटणावर आकडेही नाहीत, नुसती निळ्यापासून लालपर्यंत जाड होत जाणारी एक रेघ! कालच्या जागी बटण आणून ठेवावं तर आज वेगळंच तापमान. आठवड्याभराच्या कामाचा ग्लू ज्या बटणावर अवलंबून आहे त्यावर साधे आकडे छापायला किती पैसे लागतात?

उपाय केले. पट्ट्या खाली वळवल्या. कोपऱ्यात जमिनीवर एक छोटा पंखा वर तोंड करून ठेवला, त्याने वरची हवा घुसळली जाऊन बाक आणि छत यांतला फरक निम्म्यावर आला. गॅरेजच्या दाराखालचं रबर बदललं. या रबराएवढा पैसा वसूल दुसऱ्या कशातच झाला नाही, कारण आधी दाराखालून उजेड दिसायचा आणि तिथून आत येणाऱ्या वाऱ्याशी ५००० वॅट रोज झुंजत होते. एवढं करूनही हीटर मनासारखा चालत नव्हता. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर ‘घेऊ नका’ असंच सांगितलं असतं.

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, तो चालूच होईना. बटण फिरवताना होणारा टक् आवाजच नाहीसा झाला. ब्रेकर ठीक, वीज येतेय, पंखा गप्प. कंपनीला कळवलं. आधी म्हणाले, बसवल्याची पावती पाठवा. पाठवली. मग म्हणाले, काम परवानाधारकाने केल्याचा पुरावा द्या. तपासणीचं प्रमाणपत्र पाठवलं. मग फोटो मागितले, फोटोत बाकावर भुसा दिसला, तर म्हणे हा घरगुती वापर नाही, वॉरंटी लागू नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत गॅरेज आणि वर्कशॉप असं छापलेलं! त्या खोक्याचा फोटो काढून पाठवला, तेव्हा आठवडाभर शांतता. शेवटी नवा थर्मोस्टॅट टपालाने पाठवायला तयार झाले, तोही ‘सदिच्छा म्हणून’. हक्काच्या वस्तूला सदिच्छा म्हटलेलं मला आजही सहन होत नाही. तेवढ्या काळात एक देव्हारा अर्धवट पडून राहिला आणि ज्यांच्या वास्तुशांतीसाठी तो होता त्यांना मला नाही म्हणावं लागलं. या सेवेला माझ्याकडून शून्य.

तो भाग बसवायला त्याच इलेक्ट्रिशियनना बोलावलं. त्यांनी ब्रेकर पाडला, झाकण काढलं, आतल्या आकृतीवर बोट फिरवलं आणि मला शिडीवर बोलावून दाखवलं. आत २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर आहे, आणि बाजूला दोन स्क्रू, एका इंचभर तारेने एकमेकांना जोडलेले. ती तार काढायची आणि तिथून पातळ दोनपदरी वायर भिंतीपर्यंत न्यायची. मग घर तापवणाऱ्या फर्नेसला असतो तसला कुठलाही साधा थर्मोस्टॅट या हीटरला चालतो. कंपनीशी इतका पत्रव्यवहार झाला, त्यात एकानेही याचा उल्लेख केला नव्हता. माहितीपुस्तिकेत एक ओळ आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत.

घरातला जुना फर्नेसचा थर्मोस्टॅट माझ्या खणात पडून होता. तो आतल्या भिंतीवर, बाकाच्या बाजूला, पाच फुटांवर लावला. हीटरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी जागा बघून. डब्यावरचं बटण पूर्ण लालवर नेऊन ठेवलं. मला खर्च आला तो वायरचा आणि इलेक्ट्रिशियनच्या तासाभराचा. आता १५ वर लावतो आणि बाकावर १५ मिळतात. बाकाजवळची हवा तापेपर्यंत हीटर बंद होत नाही. तोच हीटर, तीच वीज, आणि ज्या यंत्राला मी वर्षभर शिव्या घातल्या ते इतकं नेमकं चालताना बघून फार आनंद झाला.

काही जण म्हणतील, भिंतीवर २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट लावला की झालं. तेवढं सोपं नाही. या प्रवाहाला दुहेरी, २२ अँपचा थर्मोस्टॅट लागतो. मोबाइलवर चालणारे बरेचसे १६ अँपच्या आसपास थांबतात, म्हणजे ५००० वॅटला ते चालत नाहीत. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हीटर थांबल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तापलेल्या कॉइलमधली उष्णता बाहेर काढायला. २४० ची लाइनच तोडली तर पंखाही जागच्या जागी थांबतो, उष्णता डब्यात कोंडते आणि आतलं सुरक्षा बटण उडू शकतं. २४ व्होल्टच्या जोडणीत हा प्रश्नच येत नाही. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा: बाहेरचा कमी व्होल्टचा थर्मोस्टॅट जोडायला यात जागा आहे का? त्याला माहीत नसेल तर माहितीपुस्तिका डाउनलोड करा आणि वायरिंगची आकृती स्वतः बघा.

बिलाचं सांगतो. २०२४-२५ च्या हिवाळ्यात ओंटारिओत वेळेनुसारचे दर युनिटला ७.६, १२.२ आणि १५.८ सेंट होते. म्हणजे हीटर पूर्ण तास चालला तर स्वस्त वेळेत ३८ सेंट, महाग वेळेत ७९, वहनाचा आकार वेगळा. हिवाळ्यात संध्याकाळी ७ ते सकाळी ७ आणि शनिवार-रविवार दिवसभर स्वस्त दर असतो. माझं काम तेव्हाच चालतं. आठवड्यात एरवी थर्मोस्टॅट ५ वर. ग्लू आणि पाण्यातलं फिनिश गोठू द्यायचं नाही, एवढ्यापुरतं. गॅसचा हीटर चालवायला स्वस्त पडतो हे मान्य, पण गॅसची लाइन आणि धुरांडं यांचा खर्च माझ्यासारख्या शनिवार-रविवारच्या कामाला परवडत नाही. रोज आठ तास काम करणाऱ्याने तो हिशेब जरूर मांडावा, आणि हीट पंपाचाही.

इन्फ्रारेड हीटरबद्दलचं मतही आता मवाळ झालंय. मी तो साफ नाकारला होता. ओटावातला एक मित्र इन्सुलेशन नसलेल्या गॅरेजमध्ये कोरीवकाम करतो, एकाच खुर्चीत बसून. त्याच्या डोक्यावर १५०० वॅटचा इन्फ्रारेड आहे, तो हवा तापवण्याच्या भानगडीत न पडता माणसाला आणि समोरच्या लाकडाला तापवतो, आणि मित्र खूश आहे. एका जागी बसून काम असेल तर तोच घ्या. बाक, करवत, क्लॅम्प लावून ठेवलेले सांधे असं सगळीकडे पसरलेलं काम असेल तर पंखेवालाच.

भुशाकडे लक्ष द्या. कॉइलवर बारीक धूळ बसली की पहिल्या थंडीत चालू करताना जळका वास येतो. मी ऑक्टोबरमध्ये ब्रेकर पाडून व्हॅक्यूमने डबा साफ करतो, आणि पॉलिश कागदाने घासायचं काम असेल तेव्हा हीटर बंद ठेवतो. थिनर, तेलाचं वॉर्निश यांचं काम हीटर चालू असताना कधीही करू नका. पेट्रोलचे डबेही तिथे नकोत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, म्हणून डबा वर टांगलेला असणं या एका बाबतीत तरी चांगलं.

पंख्याचा आवाज मात्र अजून खटकतो. या फेब्रुवारीपासून बेअरिंग किंचित घरघरतंय. सुटा पंखा मिळेल का म्हणून कंपनीला विचारलंय, उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच लिहीन.