आईबाबा परदेशी निघालेत, इमर्जन्सीचं इंग्रजी कसं शिकवायचं? फ्लॅशकार्ड, फर्स्ट एडचा क्लास की फोनची तालीम

आईबाबा नातवंड सांभाळायला सहा महिने अमेरिकेला निघाले की व्हिसा, इन्शुरन्स, भाजणी, लोणची सगळं यादी करून होतं, पण घरात दोघंच असताना कुणाला काही झालं तर फोनवर इंग्रजीत बोलायचं काय, हे बहुतेक घरांत राहूनच जातं. आमच्याकडे पहिल्या खेपेला अर्धवट झालं होतं. आईने वहीत शब्द लिहून पाठ केले होते, हार्ट अटॅक, फ्रॅक्चर, ब्लीडिंग, अनकॉन्शस, चांगले दोनशेच्या वर असतील. आणि एके दिवशी सकाळी बहिणीच्या घरी न्यू जर्सीत बाबांना स्वयंपाकघरात दरदरून घाम फुटला, चक्कर आली, खाली बसले, बहीण ऑफिसला गेलेली. आईने ९११, म्हणजे तिथला इमर्जन्सीचा नंबर, लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला पत्त्याचा, आणि आई सांगायला लागली बाबांना काय होतंय ते. दोनदा तसंच झालं. मग विचारलं, "इज ही अलर्ट?" आईला ऐकू आलं अ‍ॅलर्जी. ती म्हणाली, "नो, नो." म्हणजे बाबा डोळे उघडे ठेवून समोर बसलेत आणि पलीकडे नोंद झाली की पेशंट शुद्धीवर नाही. अ‍ॅम्ब्युलन्स वेळेत आली, बाबांची शुगर उतरली होती, ते बरे झाले. पण आई त्यानंतर कितीतरी दिवस म्हणत होती, मला शब्द येत होते रे, प्रश्नच कळले नाहीत.

म्हणून दुसऱ्या खेपेच्या आधी आम्ही तीन्ही रस्ते नीट करून बघितले. ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी फ्लॅशकार्ड. अंकी नावाचं अ‍ॅप आहे, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर पैसे पडतात. जे कार्ड चुकतं ते लवकर परत समोर येतं, जे येतं ते लांब जातं, त्यामुळे रोज पंधरा मिनिटांत बरंच पाठ होतं आणि टिकतंही. पण तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, घेऊ नका, ते मेडिकलच्या पोरांसाठी असतात, त्यात हाडांची नावं. आपली कार्डं आपणच करायची आणि एका बाजूला मराठी शब्द नाही, तर आई जे बोलते ते अख्खं वाक्य लिहायचं. कारण खरी गडबड तिथे होते. "घाबरल्यासारखं होतंय" हे आपल्याकडे छातीत अस्वस्थ वाटलं की म्हणतात, त्याचं सरळ इंग्रजी केलं तर माणूस भ्यायलाय एवढंच कळतं आणि मूळ त्रास मागेच राहतो, म्हणून कार्डाच्या मागे "चेस्ट डिस्कम्फर्ट" लिहायचं. "मुंग्या येतात" म्हणजे "टिंगलिंग". "तोंड वाकडं झालंय" म्हणजे "हिज फेस इज ड्रूपिंग", हे तर सोन्याचं वाक्य आहे, स्ट्रोकमध्ये चेहरा, हात आणि बोलणं या तीन गोष्टीच आधी बघतात आणि त्यात मिनिटामिनिटाला किंमत असते. आपण "फिट आली" म्हणतो, तिथे "सीझर" (seizure, बाळंतपणातलं सिझेरियन नव्हे). आपण सर्रास "ही हॅज बीपी" म्हणतो, पण बीपी तर सगळ्यांनाच असतं, "हाय" लावल्याशिवाय त्याला अर्थ नाही. "शुगर"चंही तसंच, डायबिटीस आहे की आत्ता शुगर उतरलीय हे वेगळं सांगावं लागतं.

आणि औषधं. इथे फ्लॅशकार्डाला तोड नाही. क्रोसिन, डोलो म्हणजे पॅरासिटामॉल हे आपल्याला माहीत असतं, पण अमेरिकेत त्याला असिटामिनोफेन म्हणतात, दुकानात टायलेनॉल. अस्थालिन म्हणजे साल्ब्युटामॉल, तिथे अल्ब्युटेरॉल. अ‍ॅड्रेनालिनला तिथे एपिनेफ्रिन. बाबा रोज इकोस्प्रिन घेतात आणि ती अ‍ॅस्पिरिनच आहे हे आईला माहीतच नव्हतं, म्हणजे फोनवर कुणी विचारलं की ते अ‍ॅस्पिरिन घेतात का, तर हातात स्ट्रिप धरून ती नाही म्हणाली असती. इंग्लंडला जाणाऱ्यांना हा घोळ कमी, तिथे पॅरासिटामॉल पॅरासिटामॉलच आहे. फक्त आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो त्याला आता तिथे ए अँड ई म्हणतात आणि अमेरिकेत ईआर.

तर कार्डांचा फायदा हा. तोटा एकच पण मोठा, कार्ड गप्प असतं. ते तुम्हाला प्रश्न विचारत नाही, घाई करत नाही, अमेरिकन उच्चारात बोलत नाही. आमचं पहिल्या खेपेला जे चुकलं ते नेमकं इथेच.

फर्स्ट एडचा क्लास ही वेगळीच गोष्ट आहे. आपल्याकडे रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असे कोर्स घेतात, तिकडे अमेरिकन रेड क्रॉस आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनचे असतात, त्यांचं सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास द्यायचं, प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं. इंग्रजी शिकायला म्हणून इथल्या क्लासला गेलात तर फार हाती लागणार नाही, शिकवणारे मराठी-हिंदीत समजावतात आणि ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट झाली जी मला आधी सुचली नव्हती. पुतळ्याच्या छातीवर दोन्ही हात ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबायचं, ३० वेळा दाबून २ श्वास, हे आईने घाम निघेपर्यंत केलं, आणि मग घरी मी इंग्रजीत "पुश हार्ड अँड फास्ट इन द सेंटर ऑफ द चेस्ट" म्हटल्यावर तिला भाषांतर करावं लागलं नाही, हात आपोआप तिथे गेले. तान्ह्या बाळाच्या घशात काही अडकलं तर पाठीवर पाच थापा आणि छातीवर पाच दाब, पोट दाबायचं नाही, हे तिच्या हाताने लक्षात ठेवलंय. भाजल्यावर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली, टूथपेस्ट नाही, हेही तिथेच पक्कं झालं. एक वर्षाच्या आतलं नातवंड सांभाळायला जाणार असाल तर क्लास कराच, याच्यावर मी वाद घालणार नाही. तिकडे पोचल्यावर तिथल्या क्लासला घातलं तर उच्चारही कानावर पडतात, पण पहिल्याच आठवड्यात जेट लॅगमध्ये त्या वेगाचं इंग्रजी आईला झेपलं नसतं, इथे एकदा करून मग तिकडे परत, हे जास्त बरं.

यूट्यूबबद्दल पण विचारतात. कानाला सवय म्हणून बघा, बाकी एकट्याने बघून बोलता येत नाही.

आता फोनची तालीम, ज्यात पैसा शून्य लागतो पण माणूस लागतो. दर रविवारी बहीण न्यू जर्सीहून आईला फोन करायची, व्हिडिओ कॉल नाही, साधा, कारण चेहरा दिसला की आपण अर्धं हाताने बोलतो. बहीण फोन घेणारी, आई फोन करणारी, अगदी पहिल्या वाक्यापासून. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी पत्ता विचारतात, कारण फोन तुटला तरी गाडी पाठवता यावी. इंग्लंडमध्ये ९९९ ला आधी कोणती सेवा हवी ते विचारतात, आपण फक्त "अ‍ॅम्ब्युलन्स" म्हणायचं, मग पुढचा माणूस विचारतो, "इज द पेशंट ब्रीदिंग?" ऑस्ट्रेलियात ०००, पोलीस, फायर की अ‍ॅम्ब्युलन्स. (खरा नंबर लावून बघायचा नाही, चुकून लागला तर ठेवून न देता चुकून लागला म्हणून सांगायचं.)

तीन-चार रविवारांनंतर आमच्या लक्षात आलं की आईला बोलायला लागणारे शब्द थोडे आहेत आणि ऐकायला लागणारे खूप, आणि ते बहुतेक करा-करू नका असे आहेत. ले हिम फ्लॅट ऑन हिज बॅक. पुट मी ऑन स्पीकर. अनलॉक द डोअर. डोन्ट हँग अप. स्टे ऑन द लाइन. इज हिज चेस्ट रायझिंग? आणि हो, अलर्ट, जे आता ती झोपेतही ओळखेल. आईच्या वहीत यातलं एकही नव्हतं, तिथे सगळी आजारांची नावं. फोन घेणाऱ्याला आजाराचं नाव नकोच असतं हो, शुद्ध आहे का, श्वास नीट चालू आहे का, रक्त किती जातंय एवढंच आधी हवं असतं.

अजून एक, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ९११ वाल्यांना फोनवर दुभाषी जोडता येतो. म्हणून आईला दोन वाक्यं सगळ्यात आधी घोटून घेतली, पत्ता एकेक आकडा सुटा करून, आणि "मराठी इंटरप्रिटर प्लीज". जोडायला वेळ लागू शकतो, म्हणून पत्ता आधी, दुभाषी नंतर, हा क्रम बदलायचा नाही.

मग निवडायचं कसं? तिकिटाला दोन आठवडेच उरले असतील तर बाकी सोडा, रोज दहा मिनिटं फोनची तालीम करा. हातात दोन महिने असतील आणि बाबांची पाचसहा औषधं चालू असतील तर तालमीबरोबर फक्त औषधांची आणि वाक्यांची कार्डं, पन्नासच्या वर नको. बाळ असेल तर क्लास आधी बुक करा, तारखा पटकन मिळतीलच असं नाही. आईला स्मार्टफोनचं अ‍ॅप जड जात असेल तर कागदाची कार्डं चालतात, आमची शेवटी कागदाचीच झाली.

दुसऱ्या खेपेला आईने पोचल्या दिवशी बहिणीच्या फ्रिजवर कागद चिकटवला, वर घराचा पत्ता देवनागरीत उच्चारासकट, खाली ९११, त्याखाली पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२, नातू हाताला लागेल ते तोंडात घालायच्या वयात होता म्हणून, आणि शेवटी बाबांच्या गोळ्यांची तिकडची नावं. रविवारचा फोन अजून चालू आहे, आता बहीण शेजारच्या खोलीतून लावते.