स्प्रे घरी न्यायला देणाऱ्या क्लिनिकपासून सावध

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस घेऊनही नैराश्य हटत नाही, तेव्हा घरचे लोक ‘जवळपास नाकातल्या स्प्रेचं क्लिनिक’ शोधायला लागतात. अमेरिकेत अनेक जण गंडतात ते या टप्प्यावर.

जाहिरातीत नाव असतं स्प्राव्हाटोचं, म्हणजे एस्केटामिन या नैराश्यावरच्या औषधाच्या नाकातल्या स्प्रेचं. हातात पडते ती कंपाउंडिंग फार्मसीत, म्हणजे औषध स्वतः मिसळून बनवणाऱ्या दुकानात, तयार केलेली केटामिनची बाटली. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एस्केटामिन स्प्रेला मार्च २०१९ मध्ये मान्यता दिली. केटामिनला १९७० पासून मान्यता आहे ती भूल देण्यासाठी. कुठल्याही मानसिक आजारासाठी नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर केटामिन देऊ शकतात, त्यात बेकायदा काही नाही. पण मग तसं स्पष्ट सांगावं. एकाचं नाव घेऊन दुसरं खपवायचं, ही लबाडी झाली.

खरं उपकरण ओळखणं अवघड नाही. ते सीलबंद आणि एकदाच वापरायचं असतं. एका उपकरणात २८ मिलिग्रॅम औषध, दोन फवारे, प्रत्येक नाकपुडीत एक. वापरण्याआधी त्यावर दोन हिरवे ठिपके दिसतात, पहिल्या फवाऱ्यानंतर एक उरतो, दुसऱ्यानंतर एकही नाही. ५६ मिलिग्रॅमसाठी दोन उपकरणं लागतात, ८४ साठी तीन, आणि प्रत्येकानंतर पाच मिनिटं थांबावं लागतं. कुणी ‘चालतोय का बघू’ म्हणत आधी हवेत फवारा मारला, तर तेवढं औषध वाया गेलं; हे उपकरण तसं तपासायचंच नसतं. महिनाभर पुरणारी, पुन्हा पुन्हा दाबायची बाटली दाखवली, तर ती काहीही असो, स्प्राव्हाटो नाही.

दुसरी खूण वेळेची. हे औषध फक्त नोंदणीकृत केंद्रातच, कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली घ्यायचं असतं, आणि नंतर किमान दोन तास तिथेच थांबायचं. गुंगी येते, भान सुटल्यासारखं होतं, रक्तदाब चढतो. तो साधारण ४० मिनिटांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून आधी आणि नंतरही मोजतात. अर्ध्या तासात ‘झालं, निघा’ म्हणणारे हेच टाळतात, आणि बिलात मात्र देखरेखीचे पैसे लावतात. रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नसते, हे न सांगता एकट्याला सोडून देणं तर धोकादायकच.

पैशांची मेखही ठरलेली. विम्याची पूर्वमंजुरी येण्याआधीच ‘पूर्ण कोर्सचं पॅकेज’ भरायला लावतात. पहिल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, पुढचे चार आठवडे एकदा, आणि मग प्रतिसाद पाहून आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा, असा क्रम असतो. पहिला महिना संपला की उपयोग होतोय का, पुढे चालू ठेवावं का, हे तपासायचं असतं. आगाऊ पैसे भरलेले असले की हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

फोनवरच विचारा: केंद्राची स्प्राव्हाटो रेम्स या, औषध सुरक्षित वापरलं जावं म्हणून एफडीएने बंधनकारक केलेल्या कार्यक्रमात नोंदणी आहे का, पहिल्या डोसआधी रुग्णाचा नावनोंदणी फॉर्म भरून घेता का, दोन तास कोण लक्ष ठेवतं. उत्पादकाच्या शोधयादीत नाव आहे का तेही बघा. मात्र नाव असलं म्हणून ते नवे रुग्ण घेत असतीलच असं नाही. क्लिनिककडून रक्तवाहिनी फुगण्याचा आजार किंवा पूर्वी मेंदूत झालेला रक्तस्राव याबद्दल एकही प्रश्न आला नाही, तर तिथे जाऊ नका. हे आजार असलेल्यांना हे औषध देतच नाहीत.

बाटली आधीच घरी आली असेल तर वापर थांबवून मूळ मानसोपचारतज्ज्ञांना लगेच कळवा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. लघवीला जळजळ किंवा वारंवार जावं लागत असेल तर तेही सांगा, वारंवार घेतलेलं केटामिन मूत्राशयाला इजा करू शकतं. लेबलचे फोटो, पावती आणि संदेश जपून ठेवा. राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे, मेडिकल बोर्डाकडे आणि एफडीएच्या मेडवॉच या औषधांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागाकडे तक्रार करताना ते लागतात. आत्महत्येचे विचार येत असतील तर क्लिनिकच्या तारखेची वाट पाहू नका, ९८८ या अमेरिकेतल्या मदतवाहिनीवर फोन करा किंवा थेट इमर्जन्सीत जा.