साडेअठरा हजारांची माउंटन सायकल: सड्यावरचे चौदा महिने

२०२५ च्या जानेवारीत मी १८,५०० रुपयांना माउंटन सायकल घेतली. ॲल्युमिनियमची फ्रेम, साडेसत्तावीस इंची चाके, पुढे ८० मिलीमीटरचे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना केबलवर चालणारे डिस्क ब्रेक आणि २१ गियर, असा तिचा सरंजाम आहे. आठवडाभर गोव्यातल्या डिचोली, मये, साखळी या भागातले डांबरी रस्ते आणि रविवारी सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, जांभ्याच्या वाटा, असा माझा वापर असून आजवर सुमारे २,६०० किलोमीटर झाले आहेत, आणि त्यात एक अख्खा पावसाळा येऊन गेला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या किमतीत फ्रेमवरचे नाव बदलले तरी हब (चाकाचा मधला तुंबा), गियर आणि सस्पेन्शन बहुतेक एकाच पातळीचे मिळतात, आणि मला पारखायची आहे ती ही पातळीच.

दुकानात गिऱ्हाईक सर्वांत आधी पुढचे सस्पेन्शन दाबून पाहते. मीही तेच केले. ते खाली गेले, वर आले आणि मी खूश झालो. पुढे सड्यावर मनगटे दुखू लागली तेव्हा मी फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या चिमट्याच्या, नळीला एक रबरबँड बांधला. फोर्क दबला की रबरबँड वर सरकतो आणि तिथेच राहतो, त्यामुळे तो किती खाली गेला हे पट्टीने मोजता येते. ६८ किलो वजनाच्या माणसाने उंचसखल जांभ्यावरून तासभर सायकल चालवल्यानंतर तो रबरबँड जेमतेम ३५ मिलीमीटर सरकला होता. म्हणजे सांगितलेल्या ८० पैकी निम्मेही कामाला आले नाहीत. यामागचे कारण साधे आहे. चांगल्या फोर्कमध्ये धक्का खाणारी हवा किंवा स्प्रिंग असते आणि तिची उसळी आवरणारे तेलही असते. या फोर्कमध्ये फक्त स्प्रिंग आहे, त्यामुळे लहान खड्ड्यांना तो दाद देत नाही आणि मोठ्या खड्ड्यातून दबला की तेवढ्याच जोराने हात वर फेकतो. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास असते, आणि डांबरी चढावर ते ओझे विनाकारण वाहावे लागते.

खरा आराम मिळाला तो टायरमधून, आणि त्यासाठी एक पैसाही पडला नाही. सायकल घरी आली तेव्हा २.१ इंची टायरांत ५० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा होती. ती सड्यासाठी ३० वर आणली आणि सायकलचा स्वभावच बदलला. उन्हाळ्यात जांभ्यावर बारीक गोल खडे मोकळे पडलेले असतात आणि कडक टायर त्यांच्यावरून छऱ्यांवरून घसरावा तसा घसरतो. मऊ टायर त्यांना पोटात घेतो आणि पकड सुटत नाही. याहून हवा कमी केली तर मात्र रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. ते मी एकदा भोगले आहे आणि सायकल ढकलत घरी आलो आहे.

आता जुळणीविषयी, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान सायकलीमुळे झाले नाही, ती जुळवणाऱ्या हातामुळे झाले. खोक्यातून आलेली सायकल दुकानात जोडून देतात. तिसऱ्या आठवड्यापासून डाव्या पॅडलमधून कट्‌कट्‌ आवाज येऊ लागला आणि एके दिवशी चढावर ते पॅडल बुटासकट निखळले. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते सैल होऊ नये म्हणून. दुकानातल्या मुलाने ते तिरके धरून पान्याने बळेच आत घातले होते. पॅडलचा दांडा पोलादाचा आणि पॅडल ज्यात बसते तो क्रँक ॲल्युमिनियमचा, त्यामुळे आटे क्रँकचेच गेले. बोट आत घातले तर चकचकीत भुसा हाताला लागत होता. दुकानदाराने हा माझ्या वापराचा दोष ठरवला आणि नव्या क्रँकचे ९०० रुपये माझ्याकडूनच घेतले. याचा राग मला अजून आहे. सायकल घेणाऱ्याने दुकानातच दोन्ही पॅडले काढायला लावून पुन्हा हाताने, पान्याशिवाय, निदान तीन फेरे बसवून घ्यावीत. पॅडल हाताने फिरत नसेल तर ते तिरके बसते आहे, असे खुशाल समजावे.

डिस्क ब्रेकवर घातलेला पैसा मात्र पूर्णपणे वसूल झाला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. लाल चिखल रिमला लागला की रबरी ठोकळ्यांचा ब्रेक रिमच घासून काढतो. डिस्क हबाजवळ उंचावर असल्यामुळे चिखलापासून दूर राहते. भर पावसात उतारावरून सायकल थांबवताना मला एकदाही भीती वाटली नाही. केबल मात्र गंजली. तिच्या नळीच्या टोकातून पाणी आत शिरते, म्हणून मे महिन्यातच केबल बाहेर ओढून तिला ग्रीस लावावे.

चेनही पावसाळ्याने खाल्ली. ती तपासायला फुटपट्टी पुरते: एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले की नव्या चेनमध्ये १२ इंचांची खूण बरोबर दुसऱ्या पिनेच्या मध्यावर येते. ती पिन खुणेपुढे एक सोळांश इंच गेली असेल तर चेन बदलावी, आणि एक अष्टमांश गेली असेल तर मागची दातेरी चक्रेही गेली असे धरावे. माझी चेन ऑक्टोबरात सोळांशाच्या पुढे होती. वेळीच बदलली म्हणून ४५० रुपयांत भागले.

गियरांविषयी तक्रार नाही. पुढे २४ आणि मागे २८ दातांवर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक पूर्ण एक फेराही फिरत नाही, त्यामुळे सड्यावर चढणारी उभी वाट बसूनच चढता येते. मागच्या हबाविषयी मात्र सावध राहावे. सात गियरांच्या या हबावर चक्रांचा गठ्ठा आट्यांनी बसवलेला फ्रीव्हील असतो. त्यामुळे उजवीकडचे बेअरिंग आत राहते आणि आसाचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. वजनदार माणसाने उड्या मारल्या तर तो आस वाकतो. कॅसेटच्या हबात, म्हणजे चक्रांचा गठ्ठा आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवलेल्या हबात, बेअरिंग टोकाजवळ असल्यामुळे हा त्रास कमी होतो. दोन-तीन हजार अधिक देऊन कॅसेटची सायकल मिळत असेल, तर ते पैसे सस्पेन्शनपेक्षा तिथे घालावेत.

क्रँक, चेन आणि केबल मिळून माझे वरखर्चाचे १,६०० रुपये झाले, म्हणजे सायकल २०,१०० रुपयांना पडली. फ्रेम सरळ आहे, चाकांचा आउट (डगमग) दोनदाच काढावा लागला, ब्रेक विश्वासाचे आहेत. एवढ्यासाठी मी १४ ते १५ हजार आनंदाने दिले असते. वरचे पैसे त्या फोर्कचे आहेत आणि ते वाया गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत तीच धरली तर माझी सायकल आज साधारण १७,३५० रुपयांना मिळायला हवी, म्हणून बिलावर कराचा आकडा जरूर पाहावा.

माझा भाचा वाळपईहून साखळीला कॉलेजात जातो आणि त्याला माझ्यासारखीच सायकल हवी होती. त्याचा सगळा रस्ता डांबरी आहे. मागच्या महिन्यात आम्ही दोघे म्हापशाला गेलो आणि तशाच फ्रेमची, तशाच डिस्क ब्रेकची, पण पुढे साधा पोलादी फोर्क असलेली सायकल १४,२०० रुपयांना घेतली. पॅडले त्याने माझ्यासमोर स्वतःच्या हाताने बसवली.