उन्हासाठीच्या ‘प्लांट बेस्ड’ गोळ्या, सोलापूरच्या उन्हात वापरून बघितल्या

पूर्ण उन्हाळाभर घेतल्या म्हणून आता लिहितेय. माझं काम फिरतीचं, जुळे सोलापूरहून स्कूटीवर निघायचं, सात रस्ता, नवी पेठ, कधी अक्कलकोट रोड एमआयडीसी, आणि मे मध्ये पारा ४३-४४ ला गेला तरी दुपारी फिरावंच लागतं. गालावर वांगाचे डाग आहेत, ते दर उन्हाळ्यात गडद होतात. सनस्क्रीन, स्कार्फ, सनकोट चालूच ठेवून वर ही गोळी घेतली, डॉक्टर मॅडमना विचारून.

गोळीतला मेन घटक पॉलिपोडियम ल्युकोटोमॉस. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला एक फर्न आहे, त्याचा अर्क. पाकिटावर २४० मिलिग्रॅम स्पष्ट छापलंय, हे मला सगळ्यात आवडलं. उन्हामुळं स्किनच्या आत जे फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, तयार होतात त्यांना हा अर्क आवरतो, बाहेरून ऊन अडवत नाही. अभ्यास झालेत पण छोटे छोटे, २००४ चा एक तर नऊच जणांवर झालेला.

मला फरक काय वाटला तर संध्याकाळी घरी आल्यावर चेहऱ्याची आग आणि लालपणा कमी. हात मात्र रापायचे तेवढे रापलेच. वांग फिकट झाले नाहीत, पण यंदा वाढलेही नाहीत, आता त्यातलं किती श्रेय गोळीचं आणि किती दर दोन-तीन तासांनी परत लावलेल्या सनस्क्रीनचं, मी तरी निम्म्याहून जास्त सनस्क्रीनलाच देईन. पोटाला त्रास काही नाही. किंमत जास्तच आहे, महिन्याच्या किराण्यात जाणवते.

आता दुसरी बाटली, नणंदेनं ऑनलाइन मागवलेली, त्याबद्दल मला खरंच राग आहे. नाव लिहीत नाही. वर मोठ्या अक्षरात ‘ओरल सनस्क्रीन, एसपीएफ ५०’, मागं डाळिंब, टोमॅटो, ग्रीन टी, बीटा कॅरोटीन अशी भली मोठी यादी आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन, कशाचं किती ते कुठंच नाही. अहो, एसपीएफ म्हणजे ऊन किती अडतं त्याचा आकडा, तो अंगाला लावायच्या क्रीमचा मोजतात, गोळीला एसपीएफ ५० कुठून येणार? अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्यानं, मे २०१८ मध्येच अशा कंपन्यांना पत्रं पाठवली आणि सांगून टाकलं की कुठलीच गोळी सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही. घ्यायचीच असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्याकडच्या अन्न सुरक्षा संस्थेचा, १४ आकडी लायसन्स नंबर बघा, आणि प्रत्येक घटकाचे मिलिग्रॅम वेगळे लिहिलेत का ते बघा. नसतील तर ठेवून द्या परत.

आणि हे आपल्या सोलापुरात फार महत्त्वाचं, घरात कुणी बिडी-सिगरेट ओढत असेल तर जास्त डोसची बीटा कॅरोटीनची (गाजरातलं नारिंगी द्रव्य) गोळी त्यांना देऊ नका. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा अभ्यास झाला, १९९४ ला निकाल आला, रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. गाजर खाल्ल्यानं असं काही होत नाही हां, प्रश्न गोळीतल्या डोसचा आहे. सासऱ्यांनी ‘मला पण दे गं एक’ म्हटलं तेव्हा त्या बाटलीतली म्हणूनच दिली नाही.

स्वस्तात काही हवं असेल तर टोमॅटो. २००१ च्या एका अभ्यासात रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह ऑइलसोबत दिली, दहा आठवड्यांनी उन्हानं येणारा लालपणा ४० टक्के कमी. त्यातलं लायकोपीन, म्हणजे टोमॅटोला लाल करणारं द्रव्य, शिजवल्यावर आणि तेलासोबत अंगाला चांगलं लागतं, म्हणजे भाकरीसोबतची तेलात परतलेली टोमॅटोची चटणी बरोबर बसते की! पण तीही दहा आठवडे रोज, आज खाल्ली आणि उद्या उन्हात गेलं असं नाही.

फर्नच्या गोळीला ५ पैकी ३. ज्यांना वांग आहेत किंवा ज्यांचं काम उन्हातलंच आहे त्यांनी स्किनच्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, गरोदर बायकांनी आणि दुसरी औषधं चालू असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. बाकीच्यांनी तेच पैसे एसपीएफ ३० च्या वरच्या चांगल्या सनस्क्रीनला घाला, आणि ती दोन बोटं भरून लावा, कारण आपल्याकडं बहुतेक जणी हरभऱ्याएवढी घेऊन अख्ख्या तोंडाला पुसतात.