वारीचं ॲक्रिलिक की गेरूवरची वारली?

भिंतीवर लोकजीवनाचं किंवा भक्तीचं चित्र लावायचं तर दोन पर्याय हमखास समोर येतात: कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये रंगवलेली वारी, विठ्ठल, वासुदेव, गोंधळी, नाहीतर डहाणू-जव्हारकडची, गेरू-शेणाने सारवलेल्या कापडावर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली. आवडीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी भिंत बघा.

पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर पारंपरिक वारली नकोच. पिठाला नि त्यात मिसळलेल्या डिंकाला बुरशी लागते, कसर लागते, गेरू बोटाला येतो. दुसऱ्या भिंतीवर लावलीत तरी काच हवीच, आणि काच व चित्र यांत माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, फट हवी. नाहीतर दमट हवेत पीठ काचेला चिकटतं. शिवाय पांढरा रंग कोणता, हे विचारून घ्या. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांच्यासारख्या कलाकारांमुळे ही कला भिंतीवरून कागद-कापडावर आली, आणि आता पुष्कळ वारली पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिकच्या पांढऱ्यात होते. पोस्टर कलर पाण्याने उतरतो, ॲक्रिलिक उतरत नाही. म्हणजे ‘वारली’ एवढ्याने टिकाऊपणाचं काहीच कळत नाही.

ॲक्रिलिक सुकलं की पाण्याला दाद देत नाही, काचही लागत नाही. पण रंगात पाणी जास्त झालं की बाइंडर (रंगाचे कण धरून ठेवणारा चिकट घटक) पातळ होतो आणि रंग भुकटीसारखा सुटतो. चित्रकाराला विचारून कडेवर ओलसर पांढरा कापूस हलकेच फिरवा. रंग आला तर चित्र घेऊ नका. भगव्या पताका डोळ्यात भरतील इतक्या झगझगीत असतील तर फ्लुओरेसंट रंग वापरलाय का, हेही विचारा. तो उजेडात लवकर विटतो. चित्र कडेने तिरपा उजेड टाकून पाहा. विठ्ठलाच्या काळ्या अंगावर ब्रशचे फराटे उंचसखल दिसायला हवेत. सपाट पृष्ठभागावर भिंगातून ठिपके दिसले, तर तो प्रिंट आहे. काही प्रिंटवर वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले असतात. ते खालच्या आकारांना धरून जात नाहीत, तिथेच पितळ उघडं पडतं.

देवघराजवळ लावणार असाल तर आमचं मत ॲक्रिलिकच्या बाजूने, पण वॉर्निश केलेल्याच. ॲक्रिलिकचा थर उष्णतेने किंचित मऊ होतो आणि समई-उदबत्तीची काजळी त्यात रुतून बसते. वर काढता येण्याजोगं वॉर्निश असेल तर ती त्यावरच अडते. काच पुसायचा स्प्रे मात्र कधीही मारू नका, त्यातल्या अल्कोहोलने रंग सुटतो. मऊ कोरडा ब्रश पुरे. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरा हलकेच ठोकाव्यात.

छोट्या, कोरड्या अभ्यासिकेत मात्र गेरूवरचा तारपा नाच, म्हणजे तारपा वाजवणाऱ्याभोवती गोल नाचणाऱ्या आकृत्यांचं वारली चित्र, जास्त खुलतो. तो जवळून बघायचा असतो. दहा फुटांवरून आकृत्यांची नुसती जाळी दिसते.

ॲक्रिलिक कुरिअरने मागवलंत तर बबल रॅप थेट रंगावर नको, उन्हात गोल वळ उमटतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, मग रॅप. गुंडाळून येणार असेल तर रंगाची बाजू बाहेर.